लाल पट्टीतला बांगडा

२३ नोव्हेंबर २०१०, मंगळवार. अंगणवाडीची जुनी खोली रिकामी करायची होती. वाडीच्या वरच्या अंगाला नवी इमारत तयार झाली होती आणि शुक्रवारपासून मुलं तिकडे बसायची होती. दोन दिवसांत पातेली, सतरंज्या, वजनकाटा, रजिस्टरं आणि पत्र्याची पेटी हलवायला हवी होती. मी आणि आमच्या मदतनीस मालूवयनी सकाळी आठला कुलूप काढून आत शिरलो. वयनींनी पदर खोचून केरसुणी घेतली, मी पेटी उघडली.

ती खोली मुळात अंगणवाडीची नव्हेच. पूर्वी तिथे जाळी, दोर आणि होड्यांच्या लाकडाला लावायचं मोरी माशाचं तेल ठेवत. १९९८ साली मी नोकरीला लागले तेव्हा ती आम्हाला मिळाली. बारा वर्षं आम्ही भिंतींना चुना लावला, तरी पावसात भिंत पाझरली की तेलाचा वास बाहेर यायचा. त्यात खिचडीचा वास, ओल्या फडक्यांचा, मुलांच्या केसांतल्या खोबरेलाचा, आणि खालच्या वाळूवर सुकत घातलेल्या जवळ्याचा. तपासणीला आलेले साहेब नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला तो वास कधी जाणवला नाही. त्या सकाळी मात्र जाणवला.

पेटीच्या तळाशी कागदाची एक गुंडाळी होती. दोऱ्याने बांधलेली, कडा कसरीने कुरतडलेल्या. मी दोरा तोडून ती जमिनीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार पाट्या ठेवल्या. आहाराचा जुना तक्ता. तीन आडव्या पट्ट्या. वर पिवळी: भात, भाकरी, तेल, गूळ. मध्ये लाल: डाळी, उसळ, दूध, अंडं, कोंबडी आणि एक मासा. खाली हिरवी: पालेभाज्या, फळं. रंग अजून ताजे होते. आमच्याकडे दारं-खिडक्या दोन पावसाळ्यांत पांढरी पडतात, पण सरकारी छपाईचा लाल काही हटला नव्हता.

हा तक्ता मी ओरोसहून, जिल्ह्याच्या बैठकीतून आणला होता. २००० साल, गणपती होऊन गेले होते. एस. टी.त बसायला जागा नव्हती, पाऊस खिडकीतून आत येत होता आणि मी ती गुंडाळी पदराखाली लहान मुलासारखी धरून उभी होते. कंडक्टरने विचारलंसुद्धा, "अर्धा तिकीट काढू काय हेचा?"

दुसऱ्या दिवशी मी तो वजनाच्या कार्डाशेजारी भिंतीवर लावला. वजनाचं कार्ड आधीपासून तिथे होतं, मोठं करून रंगवलेलं. त्यातही तीन पट्टे. मूल हिरव्यात असेल तर बरं, पिवळ्यात असेल तर जपायला हवं, लालमध्ये गेलं तर धोका. दोन्ही शेजारी शेजारी छान दिसत होते. मी स्वतःच लांब जाऊन दोनदा बघितले.

त्या दिवशी आया जमल्या तेव्हा पहिलं हसू झालं ते माशावर. चित्रकाराने समुद्र पाहिला नसावा. मासा गुबगुबीत होता आणि त्याला चक्क पापण्या काढल्या होत्या.

"बाईनू, ह्यो मासो खंयचो? हेका पापणे आसत!"

"बांगडोच गो तो. मुंबैक जावन इलोहा, म्हणान पावडर लावल्यान."

तेव्हापासून तो बांगडाच झाला. मी छत्रीची मोडकी काडी घेऊन एकेक चित्र दाखवत होते. बैठकीत ऐकलेले शब्द माझ्या जिभेवर ताजे होते. म्हटलं, "पोरांका रोज प्रथिनां व्हयी."

मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "करतंय तर. रोज सांजेक दिवो लावन दोनय नातवांका हात जोडूक लावतंय."

"प्रार्थना न्हय गे आये! प्रथिना!"

खोलीत इतकं हसू झालं की एक तान्हं दचकून रडायला लागलं. मीही हसले. तिथेच थांबून विचारायला हवं होतं, की बायांनो, मी काय बोलले ते तुमच्यापैकी किती जणींना कळलं. ते सुचलं नाही. मला वाटलं, हसतायत म्हणजे कळलंय.

खरं तर ह्या विषयात मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पोट भरणं वेगळं आणि अंग धरणं वेगळं, हे मी घरात पाहिलेलं होतं. सहा माणसांचं घर, एकाची कमाई. महागाचं आणायचं नाही आणि स्वस्तातलं टाकायचं नाही, हा आईचा नेम. तिने आम्हाला ज्यावर वाढवलं ते सगळं पायाखालचं होतं. पाऊस ओसरला की तारली यायची. लहान, काटेरी, चांदीसारखी. इतकी यायची की खाऊन, वाटून उरलेली लोक माडांच्या मुळात खत म्हणून घालत. तारली चुलीच्या निखाऱ्यावर पडली की तिचं तेल ठिबकायचं, चरचरायचं, आणि गल्लीतली मांजरं एका ओळीत येऊन बसायची. थंडीत सुकती लागून पाणी ओसरलं की बायका खाडीत उतरायच्या, पोटरीपर्यंत चिखलात, बोटांनी चाचपत तिसऱ्या काढायला. टोपलीत शिंपल्यांचा खुळखुळ आवाज व्हायचा. त्या आवाजावरून आई बसल्या जागेवरून सांगायची, टोपली अर्धी आहे की भरलेली.

उन्हाळ्यात जवळा. सगळी वाळू गुलाबी व्हायची आणि कपड्यांना, उशांना, वहीच्या पानांनाही तोच वास. पावसात होड्या वर ओढल्या की डबे उघडायचे. कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, आणि पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा. तो बांगडा भाजायला लागला की चार घरं पलीकडच्याला भूक लागायची. सोमवारी घर शिवराक, म्हणजे मासे बंद. त्या दिवशी पिठी ठरलेली. आई लोखंडी पळीत तेल तापवून लसणीची फोडणी द्यायची आणि पळी तशीच पिठीत बुडवायची. तो 'चर्र' आवाज झाला की आम्ही पानं घ्यायचो.

हे सगळं त्या तक्त्यावर नव्हतं. तारली नव्हती, तिसऱ्या नव्हत्या. पण लाल पट्टी बघताना मला ते सगळं त्या पट्टीतच दिसत होतं. मी गृहीत धरलं, सगळ्यांना दिसतंय.

इंदू त्या बायकांत पुढे बसायची. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती. नवरा दुसऱ्याच्या होडीवर जायचा आणि ती डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. मयुरी तिची पहिली मुलगी, दोन वर्षांची व्हायची होती. मुलांचं वजन करायला बायका तयार नसत. म्हाताऱ्या सांगायच्या, वजन केलं की दृष्ट पडते आणि पोर वाळतं. इंदूने मात्र पहिल्याच दिवशी मयूला काट्याच्या झोळीत बसवलं.

"दिष्ट पडली तर काढतलंय मगे," ती म्हणाली. "आदी किती भरता ता तरी बगूया."

मयू पिवळ्यात भरली. मी कार्डावर टिंब काढून इंदूला दाखवलं. काडी कार्डावर टेकवून म्हटलं, "ह्या बग. पोर हिरव्यात हाडूचा. लालाच्या वाटेक जावक देव नको." आणि काडी तशीच पुढे सरकवून शेजारच्या तक्त्यावर ठेवली. "नि ह्यो आहार. हेच्यापरमाणे रोज घाल. चुकाचा नाय."

"नाय चुकाचा, बाईनू."

त्या हिवाळ्यात मयूचं टिंब वर चढलं नाही. दर महिन्याला मी विचारायचे, "तक्त्यापरमाणे घालतंस?" दर महिन्याला इंदू म्हणायची, "एक दिवस चुकाक नाय." टिंब खाली खाली येत होतं. फेब्रुवारीत मयूचे केस फिके दिसायला लागले. मार्चमध्ये ती झोळीत बसली की रडायचीही नाही, नुसती बघायची. मी दोनदा इंदूच्या घरी गेले. दोन्ही वेळा ती बाजारात आणि मूल शेजारणीकडे झोपलेलं. मी भिंतीवर खडूने भेटीची तारीख लिहिली आणि परत आले. चूल तिथेच होती, तीन पावलांवर. तिच्यावर टोप झाकलेला होता. मी झाकण उचललं नाही. दुसऱ्याच्या टोपात बघायचं नसतं, असं आम्हाला शिकवलेलं.

एप्रिलमध्ये मयू लालमध्ये गेली. वजनाचा दिवस, वीस-बावीस बाया बसलेल्या. माझा तोल गेला. म्हटलं, "इंदू, तक्त्यापरमाणे घालतंय म्हणान तू पाच महिने माका सांगतंस. घातलंस असतंस तर ह्या असा झाला असता? सगळा बाजारात इकतंस नि पोराक उपाशी ठेवतंस. लबाड खंयची!"

इंदू उभी राहिली. म्हणाली, "बाईनू, तुमीच सांगलास मा, लालातला..."

"मी काय सांगलंय ता माका शिकव नको! बस खाली."

ती बसली नाही. मयूला झोळीतून काढलं, पदरात गुंडाळलं आणि निघून गेली. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. आठवड्याभरात वाडीत एक वाक्य फिरायला लागलं: "इंदूचा चेडू उपाशी, गिरायकाक सुरमय." बाजारात मासे निवडताना बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. भावात घासाघीस करायला बरं पडायचं. मला ते कानावर आलं तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं, लाजेने तरी सुधारेल.

पावसाच्या तोंडाला इंदूने मयूला माहेरी पाठवलं. माहेर कणकवलीच्या बाजूला, भात आणि काजू करणारं घर. मी रजिस्टरात 'स्थलांतर' लिहिलं. दसरा झाल्यावर ती मुलीला घेऊन परत आली आणि वजनाच्या दिवशी सगळ्यांच्या मागे उभी राहिली. मयूला झोळीत घातलं तर तिने माझ्या केसांतलं फूल ओढलं आणि काट्याला लाथ मारली. टिंब हिरव्यात गेलं. मी दोनदा वजन केलं. मालूवयनींना बघायला लावलं. मग मी सगळ्यांना कार्ड दाखवून म्हटलं, "बगलास? ऐकला तर कसा होता ता!" इंदूने मान खाली घालून मुलीचा फ्रॉक सारखा केला.

त्या वर्षी ओरोसच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. हट्टी आई, सेविकेचा पाठपुरावा, तक्त्याप्रमाणे आहार, लालमधून हिरव्यात. टाळ्या झाल्या. पुढच्या बैठकीत साहेबांनी परत सांगायला लावली. नव्या सेविकांच्या प्रशिक्षणात तर दर वेळी. नऊ वर्षांत ती गोष्ट मला तोंडपाठ झाली. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, 'लबाड' हा शब्द कुठे टाकायचा, सगळं बसलं होतं.

तर त्या मंगळवारी तो तक्ता जमिनीवर पसरलेला होता. साडेअकरा वाजले होते. इंदू बाजारातून परत चालली होती, रिकामी पाटी काखेत. मालूवयनींनी दारातून हाक मारली, "इंदू, पेटी उचलूक जरा हात लाव गो." ती आत आली, पाटी बाहेर ठेवली, हात पदराला पुसले. पेटीकडे येता येता तिला तक्ता दिसला आणि ती थांबली.

"अगो बाय माझे! ह्यो अजून जित्तो आसा?" ती हसायला लागली. वाकून तिने माशावर बोट ठेवलं. "ह्यो बगा माझो वैरी. ह्या बांगड्यान माझ्या चेडवाक सुकवल्यान."

मला वाटलं, थट्टा करतेय. विचारलं, "बांगड्यान काय केल्यान?"

"काय करतलो? लालात जावन बसलो." तिने लाल पट्टीवर तळहात फिरवला. "तुमी नाय म्हणालास, पोराक लालाच्या वाटेक जावक देव नको? मयू पिवळ्यात. हिरव्यात न्हेवची तर हिरव्यातला घालूक व्हया. माका वाचूक खंय येता होता? रंग तेवडो कळा. शेगलाचो पालो, टायकळो, मुळ्याचो पालो. सकाळ-सांज. आणि पिवळ्यातलो उलोसो, मुठीएवडो भात."

मालूवयनींच्या हातातली केरसुणी थांबली.

मी विचारलं, "मासो?"

"मासो लालात."

"डाळ?"

"ती पण लालात."

"अंडा?"

"लालात."

"दूध तरी?"

"आदी चायेत घाली होतंय उलासा. तक्त्यार लालात बगलंय, मगे बंद केलंय." तिने हे अगदी सहज सांगितलं, जसं कोणी जुन्या तापाबद्दल सांगतं. "आमी दोघां खाय होतो. आमचा वजन कोण करता? मयूचा वायट वाटा. ताटात बांगडो बगल्यान काय ती हात करी. मी हात धरून ठेवी. रडान रडान निजा."

मी खाली बसले. खुर्ची होती, तरी जमिनीवरच, तक्त्याच्या कडेला. मी माझ्या आवाजात ऐकलं: चुकाचा नाय. मग इंदूच्या: नाय चुकाचा, बाईनू. एक दिवस चुकाक नाय.

"मगे मी तुका ओरडलंय तेवा..."

"तेवा मी पालो वाढवलंय," इंदू म्हणाली. "म्हटला, कमी पडता असतलो."

बाहेर कावळे तिच्या पाटीशी आले होते. तिने दारात जाऊन 'हाड' केलं आणि परत आली. मी विचारलं, मयू बरी कशी झाली. प्रश्न विचारतानाच उत्तर मला कळलं होतं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"माझ्या बापाशीन केल्यान. तेच्याकडे तक्तो खंय होतो? मी जाताना बजावन सांगलंय, बाबा, तिका लालातला घालू नको, बाई वरडतत. तर म्हणता कसो, 'माझ्या घरात लाल फकत कोंबो आसा.' आपल्या पानातला तिच्या तोंडात घालीत रवलो. कुळथाची पिठी, काळे वाटाणे, खारो बांगडो. कोंबड्यांची अंडी. चार महिन्यांत चेडू असा झाला की माका वळखीक येयना!"

"नि तू माका सांगूक नाय?"

"माकाच खंय म्हायत होता तेवा? मयू तिसरीत गेली, तेवा पुस्तकात वाचून दाखवल्यान. 'आये, मासो खाल्लो काय अंग वाढता, ह्या बग लिवलाहा.' त्या दिवशी सांजेक माका जेवण गेला नाय." ती पहिल्यांदा गंभीर झाली, पण क्षणभरच. "तवसर तुमची गोष्ट ओरोसाक पोचली होती. म्हटला, मयू हिरव्यात आसा ना? मगे कोण जिकला नि कोण हरला, काय करूचा हा? चला, पेटी धरा. माका भात टाकूचो हा."

आम्ही तिघींनी पेटी धरली आणि बाहेर नेली. जड होती. इंदू पाटी घेऊन गेली. मग मालूवयनी, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "दोगी-तिगी माका पण इचारी होत्यो, बाई. लालातला घालूचा काय नाय, म्हणान."

"मगे तुमी काय सांगी होतात?"

"मी सांगी, बाई म्हणतत तसा करा."

तो तक्ता चार वर्षं भिंतीवर होता. मी पेटीवरच बसून जुनी रजिस्टरं काढली. दुपारभर एकेक पान उलटलं. पिवळ्यातून खाली गेलेली टिंबं बघितली. प्रत्येक टिंबाखाली माझ्याच अक्षरात शेरा होता: 'आईस समज दिली.' 'आई ऐकत नाही.' 'आईस कडक समज दिली.' ती मुलं आता मोठी आहेत. कोणी दहावीला आहे, कोणी होडीवर जातो, दोन कुटुंबं मुंबईला गेली. कोण कशाने उंचीला कमी राहिलं, कोण कशाने आजारी पडायचं, ते आता कुठल्या रजिस्टरातून काढणार? ते सगळं समुद्राच्या काठावर घडलं होतं. जिथे तारली माडांच्या मुळात घालतात, तिथे मी आयांना लेकरांच्या तोंडाचा बांगडा काढून घ्यायला लावला होता.

संध्याकाळी घरी कुळीथ निवडायला घेतले. हात चालत होते. मुठीतून कुळीथ सुपात पडत होते आणि त्यांचा तो बारीक पावसासारखा आवाज होत होता. लहानपणी ह्या आवाजाने मला झोप यायची. नवऱ्याने विचारलं, "काय झाला गो? तोंड कित्याक असा?" मी सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "जावंदे. चेडू बरा झाला मा? आता नवीन तक्तो इलोहा ना?"

नवा तक्ता माझ्या पिशवीतच होता. मी तो काढून उघडला. आता पट्ट्या नव्हत्या, गोल ताट होतं, तुकडे केलेलं. मासा चांगला काढला होता, पापण्या नव्हत्या. तुकड्याचा रंग लाल होता.

मी तक्ता गुंडाळून ठेवला. जेवायला बसले तेव्हा माझ्या मनात तक्ता नव्हताच. मला इंदूचं ते एप्रिलमधलं उभं राहणं दिसत होतं. तिने तोंड उघडलं होतं. 'लालातला' हा शब्द तिच्या तोंडून निघालाही होता. एवढा एक शब्द मी ऐकून घेतला असता तर मयूचे ते दोन महिने आणि नंतर किती जणांची किती वर्षं वाचली असती. मी तिला बावीस बायांसमोर लबाड म्हटलं. वाडीने त्याचं वाक्य बनवलं. ती त्या वाक्याखाली बाजारात बसली, मासे विकले, घासाघीस सोसली, मुलीला वाढवलं. आणि दुपारी मला पेटी उचलू लागली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. आमच्याकडे बुधवारी सगळ्या घरांत मासे शिजतात, बाजार भरलेला असतो. मी साडेसात वाजता तिथे गेले. पाट्यांची रांग, बर्फाचं पाणी पायांत वाहतंय, कोयत्यांचा टकटक आवाज, बायकांचा गलका. इंदू रांगेच्या मध्ये होती, पुढ्यात बांगडे आणि थोडी तारली. मी तिच्या पाटीसमोर जाऊन उभी राहिले.

"येवा बाईनू. बांगडो ताजो आसा. किती घालू?"

मी म्हटलं, "इंदू, त्या वर्सा मी तुका सगळ्यांसमोर लबाड म्हटलंय. तू लबाड नाय होतंस. मी सांगलंय तसा तू केलंस. चूक माझी होती. मयू माझ्यामुळे लालात गेली."

बाजूच्या दोघींचे कोयते थांबले. इंदूने माझ्याकडे बघितलं. मग ओंजळभर पाणी घेऊन सावकाश बांगड्यांवर शिंपडलं. एकेक मासा सारखा केला.

तिने मान वळवून रांगेच्या टोकाकडे बघितलं. तिथे त्या वेळच्या चार-पाच जणी बसल्या होत्या.

"थंयसर आयकाक गेला नाय, बाईनू," ती म्हणाली. "परत म्हणा."

मी वळले, रांगेच्या मध्यावर आले आणि परत म्हटलं. मोठ्याने.